पूर्ण पडद्यावर उरणारी पट्टी : ईमॅक्समधील मांडणीचा एक दोष आणि तो दूर करण्याची रीत

गडद रंगसंगती लावून ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये (एडिटरमध्ये) लिहायला बसावे, एफ ११ दाबून एडिटर पूर्ण पडद्यावर न्यावा, आणि तरीही तळाशी एक बारीक फिकट पट्टी तशीच राहावी, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. कधी ही पट्टी उजव्या कडेला असते, कधी फक्त खाली, तर कधी दोन्हीकडे. मजकुरावर तिचा काही परिणाम होत नाही, पण रात्री काळ्या पार्श्वभूमीवर तासन्‌तास वाचन करणाऱ्याच्या डोळ्याला ती सारखी खुपते. मी स्वतः दिवसभर याच एडिटरमध्ये मराठी मजकूर तपासतो. सुरुवातीला हा दोष मॉनिटरचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असावा असे समजून मी बराच वेळ चुकीच्या जागी शोध घेतला. दोष तिथे नसतो. तो एडिटरच्या मोजमापाच्या पद्धतीत असतो, आणि एकदा ती पद्धत समजली की दुरुस्तीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुढे कमांड आणि सेटिंग यांची नावे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये जोडरेघ ठेवून टंकावीत. स्पेलिंगची शंका आल्यास कंट्रोल-एच आणि नंतर व्ही दाबून नावातील पहिला शब्द टंकावा व टॅब दाबावे; त्या शब्दाने सुरू होणारी सर्व सेटिंगे ईमॅक्स स्वतःच दाखवतो. आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. आपण एरवी ज्याला खिडकी किंवा विंडो म्हणतो त्याला ईमॅक्समध्ये 'फ्रेम' म्हणतात, आणि त्या फ्रेमच्या आत मजकूर दाखवणाऱ्या कप्प्यांना 'विंडो' म्हणतात. पट्टीचा प्रश्न मुख्यतः फ्रेमचा आहे.

पट्टी का उरते

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली जीएनयू ईमॅक्स लोकांसाठी खुला केला, तो काळ अक्षरी टर्मिनलचा होता. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० या टर्मिनलवर ८० स्तंभ आणि २४ ओळी असत, आणि त्यावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम आपली जागा स्तंभ आणि ओळी यांतच मोजत असे. पुढे पडदे बदलले, अक्षरांचे आकार हवे तसे ठेवता येऊ लागले, पण फ्रेमचा आकार पूर्ण ओळींत आणि पूर्ण स्तंभांत बसवण्याची ईमॅक्सची मूळ सवय आजही कायम आहे. मूळ सेटिंगमध्ये फ्रेमचा आकार बदलताना ईमॅक्स तो एका अक्षराच्या रुंदीच्या आणि एका ओळीच्या उंचीच्या पटीत आणून ठेवतो. भागाकारात जी बाकी उरते, तीच आपल्याला पट्टी म्हणून दिसते.

हे आकड्यांत मांडून पाहावे. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा आहे आणि निवडलेल्या फाँटचे एक अक्षर १० पिक्सेल रुंद व एक ओळ २३ पिक्सेल उंच आहे असे धरू. १०८० ला २३ ने भागल्यास ४६ ओळी पूर्ण बसतात, त्यांना १०५८ पिक्सेल लागतात आणि २२ पिक्सेल उरतात. आणखी एकच पिक्सेल मिळाला असता तर ४७ वी ओळ मावली असती. तो नाही म्हणून जवळजवळ एका ओळीएवढी जागा रिकामी पडते. रुंदीत डावी-उजवीकडच्या प्रत्येकी ८ पिक्सेलच्या किनारी वजा केल्या की १९०४ उरतात, त्यांत १९० स्तंभ बसतात आणि बाकी फक्त ४ पिक्सेल राहते. तळाची पट्टी ठळक दिसते आणि उजवीकडची लक्षातही येत नाही, ती यामुळे. फाँट किंचित मोठा करून ओळीची उंची २४ पिक्सेल झाली, तर १०८० ला २४ ने पूर्ण भाग जातो आणि पट्टी आपोआप नाहीशी होते. फाँट बदलल्यावर दोष गेला असे काही जण सांगतात ते खरेच असते, मात्र दोष गेलेला नसतो, बाकी शून्य झालेली असते. दुसऱ्या आकाराच्या मॉनिटरवर तो पुन्हा उभा राहतो.

आपल्याकडची बाकी किती हे पाहायचे असल्यास मेटा आणि अपूर्णविराम, म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर आल्ट आणि अपूर्णविरामाचे चिन्ह, दाबून कंसात 'फ्रेम-चार-हाइट' टंकावे व एंटर दाबावे. तळाशी ओळीची उंची पिक्सेलमध्ये येते. त्याच पद्धतीने 'फ्रेम-पिक्सेल-हाइट' विचारल्यास फ्रेमची उंची आणि 'डिस्प्ले-पिक्सेल-हाइट' विचारल्यास पडद्याची उंची कळते. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर शेवटचा आकडा दोन्हींचा मिळून येऊ शकतो, म्हणून तपासणीपुरता एक मॉनिटर बंद ठेवणे सोयीचे.

आधी पट्टीचा रंग पाहावा

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी पट्टीकडे नीट पाहणे मी आवश्यक मानतो, कारण तिच्या रंगावरून दोष कोणाकडे आहे हे बहुतेक वेळा कळते. पट्टीत डेस्कटॉपचे चित्र किंवा मागे उघडलेला दुसरा प्रोग्रॅम दिसत असेल, तर फ्रेम पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचलेलीच नाही. म्हणजे विंडो मॅनेजरने, अर्थात पडद्यावरील खिडक्यांची जागा व आकार ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने, ईमॅक्सने मागितलेला गोळाबेरीज (पूर्ण ओळी-स्तंभांच्या पटीत आणलेला) आकार जसाच्या तसा मान्य केला आहे. पट्टी राखाडी किंवा पांढरी असेल आणि तो रंग एडिटरच्या रंगसंगतीत कुठेच नसेल, तर फ्रेमचे बाहेरचे कवच कडेपर्यंत गेले आहे, पण आतील मजकुराचा भाग अलीकडेच थांबला आहे. पट्टी एडिटरच्याच पार्श्वभूमीच्या रंगाची असेल आणि फक्त काही फायली उघडल्यावर दिसत असेल, तर तो बहुधा दोष नसून आतील विंडोंच्या वाटणीचा किंवा मजकूर मध्यभागी आणणाऱ्या एखाद्या पॅकेजचा परिणाम असतो. डाव्या आणि उजव्या बाजूला सारखेच रुंद समास दिसत असतील, तर आधी असे पॅकेज बंद करून पाहावे.

करून पाहण्याची रीत

स्वतःच्या कॉन्फिगरेशनला हात लावण्यापूर्वी कोरा ईमॅक्स सुरू करावा. टर्मिनलमध्ये 'ईमॅक्स' या कमांडपुढे एक जोडरेघ व मोठा क्यू, आणि नंतर जोडरेघ व एफएस अशी दोन ऑप्शन द्यावीत. पहिल्या ऑप्शनमुळे आपली कोणतीही सेटिंगे वाचली जात नाहीत, आणि दुसऱ्यामुळे फ्रेम थेट पूर्ण पडद्यावर उघडते. इथेही पट्टी दिसली, तर मूळ गोळाबेरजेचीच ती पट्टी आहे. इथे ती दिसली नाही, पण नेहमीच्या ईमॅक्समध्ये दिसते, तर आपल्या फाँटमुळे बाकी वेगळी येत आहे किंवा आपल्या फायलीतील एखादी ओळ आकारात ढवळाढवळ करत आहे.

आता याच कोऱ्या ईमॅक्समध्ये मेटा आणि अपूर्णविराम दाबून पुढील ओळ टंकावी व एंटर दाबावे :

(सेटक्यू फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज टी)

इथे टी म्हणजे 'चालू'. यानंतर लगेच काहीच बदललेले दिसणार नाही, आणि अनेक जण इथेच हा उपाय निरुपयोगी ठरवून सोडून देतात. हे सेटिंग फ्रेमचा आकार पुढच्या वेळी बदलतो तेव्हा लागू होते. म्हणून एफ ११ दाबून पूर्ण पडद्यातून बाहेर यावे आणि पुन्हा एफ ११ दाबून आत जावे. गोळाबेरजेची पट्टी असेल तर ती आता भरून गेलेली असते. फ्रेम आता एकेक पिक्सेलने लहानमोठी होऊ शकते, त्यामुळे ४६ ओळींखालचे २२ पिक्सेलही मजकुराच्या वाट्याला येतात. हे सेटिंग आणि एफ ११ ची कमांड या दोन्ही गोष्टी २०१४ साली आलेल्या २४.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहेत. त्याहून जुना ईमॅक्स वापरात असेल तर आधी आवृत्ती बदलावी, आडवळणाच्या युक्त्यांत वेळ घालवू नये.

कायमची दुरुस्ती कुठे लिहावी

ही एक ओळ मुख्य इनिट फायलीत, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतो त्या सेटिंगांच्या फायलीत, टाकली तरी काम होते, पण ती कुठे लिहिली आहे यावर सुरू होतानाचे दृश्य अवलंबून असते. ईमॅक्स पहिली फ्रेम आधी तयार करतो आणि इनिट फाइल त्यानंतर वाचतो. त्यामुळे सुरुवातीला लहान फ्रेम उघडते, मग ती उडी मारून पडदाभर पसरते, आणि काही विंडो मॅनेजरांत या गडबडीत जुन्या मोजमापाची पट्टी तशीच राहून जाते. २०२० साली आलेल्या २७.१ या आवृत्तीपासून 'अर्ली-इनिट' नावाची वेगळी फाइल ठेवण्याची सोय झाली. ती पहिल्या फ्रेमच्या आधी वाचली जाते, म्हणून फ्रेमच्या आकाराशी संबंधित सर्व ओळी तिथेच लिहाव्यात असे माझे ठाम मत आहे. ही फाइल होम फोल्डरातील 'डॉट ईमॅक्स डॉट डी' या फोल्डरात, मुख्य इनिट फायलीच्या शेजारी ठेवावी. तिच्यात पुढील दोन ओळी पुरतात :

(सेटक्यू फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज टी)
(ॲड-टू-लिस्ट 'डीफॉल्ट-फ्रेम-एलिस्ट '(फुलस्क्रीन . फुलबोथ))

दुसऱ्या ओळीत 'फुलबोथ' ऐवजी 'मॅक्सिमाइझ्ड' लिहिल्यास फ्रेम पडदाभर पसरते, पण डेस्कटॉपचे पॅनेल आणि शीर्षकपट्टी दिसत राहते. अनेक मार्गदर्शिकांत 'डीफॉल्ट-फ्रेम-एलिस्ट' च्या जागी 'इनिशियल-फ्रेम-एलिस्ट' दिलेले आढळते. ते फक्त पहिल्या फ्रेमला लागू होते. जे ईमॅक्सला पार्श्वभूमीत डीमन म्हणून चालू ठेवतात आणि ईमॅक्सक्लायंटने दर वेळी नवी फ्रेम उघडतात, त्यांना त्याचा उपयोग होत नाही.

याच फायलींत पूर्वी कधीतरी 'विड्थ' आणि 'हाइट' चे आकडे लिहून ठेवलेले असतील तर ते काढून टाकावेत. फ्रेमला एकीकडे ८० स्तंभ सांगायचे आणि दुसरीकडे पूर्ण पडदा मागायचा, या दोन आज्ञा एकमेकींना छेद देतात आणि निकाल विंडो मॅनेजरच्या मर्जीवर जातो. मागील सत्राच्या फायली पुन्हा उघडणारा 'डेस्कटॉप-सेव्ह-मोड' वापरात असेल, तर तो फ्रेमचे जुने आकारही परत आणतो. तपासणीपुरते 'डेस्कटॉप-रिस्टोअर-फ्रेम्स' या सेटिंगला निल (म्हणजे 'बंद') ही किंमत द्यावी.

राहिला प्रश्न टूलबार आणि फाँटचा. फाँट बदलणे, टूलबार किंवा स्क्रोलबार लपवणे या प्रत्येक क्रियेनंतर ईमॅक्स स्तंभ व ओळींची संख्या पूर्वीइतकीच राखण्यासाठी फ्रेमचा आकार आपणहून बदलू पाहतो. हे थांबवण्यासाठी 'फ्रेम-इन्हिबिट-इंप्लाइड-रिसाइझ' या सेटिंगला टी ही किंमत वरील दोन ओळींच्या जोडीला द्यावी. मी ती देतोच. सुरू होण्याचा वेळही त्यामुळे थोडा वाचतो.

विंडो मॅनेजर अडून बसला तर

एवढे करूनही पट्टीत डेस्कटॉपचे चित्र दिसत असेल, तर लिनक्सवरील एक्स ११ या पडदा हाताळणाऱ्या जुन्या पद्धतीत विंडो मॅनेजरला मिळणाऱ्या सूचना तपासाव्यात. टर्मिनलमध्ये 'एक्सप्रॉप' ही कमांड चालवावी, माउसचे चिन्ह अधिक चिन्हासारखे झाले की ईमॅक्सच्या फ्रेमवर क्लिक करावे, आणि आलेल्या मजकुरात 'डब्ल्यूएम नॉर्मल हिंट्स' हा भाग शोधावा. तिथे 'रिसाइझ इन्क्रिमेंट' पुढे १० बाय २३ असे काही आकडे दिसले, तर ईमॅक्स अजूनही आपला आकार अक्षरांच्या पटीतच ठेवावा अशी विनंती करत आहे, म्हणजे आपले सेटिंग लागूच झालेले नाही. १ बाय १ दिसले, तर ईमॅक्सने आपली बाजू पूर्ण केली आहे आणि पट्टीचे कारण अन्यत्र आहे.

डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये अशा सूचना पाळाव्यात की नाही हे त्याच्या कॉन्फिग फायलीतील 'रिसाइझहिंट्स' या किंमतीवर ठरते. ती मुळात १ असते. ० करून डीडब्ल्यूएम पुन्हा कंपाइल केल्यास ईमॅक्सच नव्हे, तर टर्मिनलभोवतीच्या रिकाम्या कडाही जातात. वेलँड या एक्स ११ च्या जागी आलेल्या नव्या पद्धतीत खिडकीच्या आकाराची अशी पटीची सूचना देण्याची सोयच प्रोटोकॉलमध्ये (नियमावलीत) नाही, त्यामुळे २०२३ साली आलेल्या २९ व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली शुद्ध जीटीके बांधणी (केवळ जीटीके या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररीवर चालणारा ईमॅक्स) तिथे वापरल्यास हा वाद उद्भवत नाही. मात्र त्या बांधणीवर एक्सप्रॉप चालवून काहीही हाती लागणार नाही, हे लक्षात असू द्यावे.

मराठी मजकूर आणि तळाची कापलेली ओळ

पट्टी गेल्यावर मराठीत लिहिणाऱ्याला एक नवी गोष्ट दिसू लागते, आणि तिची माहिती इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. पूर्ण पडद्यावर तळाची ओळ अर्धवट कापली जाते. रोमन मजकुरात हे फारसे जाणवत नाही, पण 'गुरू' किंवा 'कुटुंब' असा शब्द शेवटच्या ओळीत आला तर त्याचे उकार नाहीसे होतात, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला ऱ्हस्व की दीर्घ हे पाहण्यासाठी दर वेळी मजकूर वर सरकवावा लागतो.

याचे कारण असे की, फ्रेमचे मोजमाप मुख्य फाँटच्या ओळीवरून होते. डेजाव्हू सान्स मोनोसारख्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, म्हणून ईमॅक्स ती दुसऱ्या फाँटमधून उसनी घेतो. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी जागा लागते आणि खाली उकार व जोडाक्षरांसाठी लागते, त्यामुळे हा उसना फाँट उंच असतो. जिथे एकही मराठी अक्षर आहे ती ओळ २३ पिक्सेलची न राहता सहज २९ किंवा ३० पिक्सेलची होते, आणि पडद्याच्या उंचीशी कोणताही हिशेब जुळत नाही. याचा प्रत्यय घ्यायचा असेल तर कंट्रोल-एच आणि पुन्हा एच दाबून ईमॅक्ससोबत येणारी अनेक भाषांतील अभिवादनांची फाइल उघडावी. तिच्यात देवनागरीतील 'नमस्कार' ही आहे, आणि वेगवेगळ्या लिप्यांच्या ओळी किती कमीजास्त उंचीच्या आहेत ते एका पडद्यात दिसते.

कोणता फाँट उसना घेतला जात आहे हे पाहण्यासाठी एखाद्या मराठी अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि शेवटी बरोबरचे चिन्ह दाबावे. उघडणाऱ्या माहितीत फाँटचे नाव असते. फाँट ईमॅक्सच्या मर्जीवर न सोडता आपण स्वतः ठरवावा आणि तो किंचित लहान करावा. मुख्य इनिट फायलीत पुढील ओळी लिहाव्यात, आणि अवतरणातील नाव आपल्या संगणकावर असलेल्या फाँटचे असावे :

(ॲड-टू-लिस्ट 'फेस-फाँट-रिस्केल-एलिस्ट '("नोटो सान्स देवनागरी" . ०.८५))
(सेट-फाँटसेट-फाँट टी 'देवनागरी "नोटो सान्स देवनागरी")

इथे आकडेही अर्थातच इंग्रजी अंकांतच टंकायचे आहेत. ०.८५ हा आकडा अंतिम मानू नये. ०.९ पासून सुरुवात करून ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडत, थोडे थोडे कमी करत जावे, आणि रोमन व मराठी ओळी जवळपास सारख्या उंचीच्या दिसू लागल्या की थांबावे. फार लहान केल्यास 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील फरक डोळ्यांना कष्टाने कळतो. वाचनीयतेचा बळी देऊन ओळी जुळवण्यात अर्थ नाही. २७.१ या आवृत्तीपासून अक्षरजुळणी हार्फबझ या लायब्ररीकडे गेली आहे आणि जोडाक्षरे त्यामुळे बरीच नीट येतात, म्हणून मराठीसाठी तरी त्याहून जुनी आवृत्ती वापरू नये. केवळ एका फायलीतील अक्षरे कंट्रोल-एक्स, कंट्रोल-अधिक दाबून मोठी केल्यास फ्रेमच्या मोजमापात बदल होत नाही. तेव्हा तळाची ओळ कापली गेली तर तो वेगळा दोष समजू नये.

फ्रेमचे दोन-तीन विंडोंत भाग केलेले असतील, तर उरलेले पिक्सेल एखाद्याच विंडोच्या वाट्याला जातात आणि शेजारच्या दोन कप्प्यांची उंची असमान दिसते. त्यासाठी 'विंडो-रिसाइझ-पिक्सेलवाइज' या सेटिंगला टी ही किंमत द्यावी आणि कंट्रोल-एक्स व अधिक चिन्ह दाबून विंडो पुन्हा समान करून घ्याव्यात.

टर्मिनलमध्ये आणि जीव्हिममध्ये

ईमॅक्स किंवा व्हिम हा दुसरा एडिटर टर्मिनलच्या आत चालवला जात असेल, तर वरीलपैकी काहीही लागू पडत नाही. तिथे एडिटरला फक्त ओळी आणि स्तंभ यांची संख्या कळते, उरलेले पिक्सेल टर्मिनलकडे राहतात आणि त्यांत टर्मिनलचा पार्श्वभूमी रंग दिसतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे टर्मिनलचा पार्श्वभूमी रंग एडिटरच्या रंगाशी तंतोतंत जुळवणे. अलाक्रिटी या टर्मिनलमध्ये 'डायनॅमिक पॅडिंग' हे ऑप्शन चालू केल्यास उरलेली जागा चारही बाजूंना वाटली जाते, आणि किटी हे टर्मिनल मुळातच मजकूर मध्यभागी ठेवते.

जीव्हिममध्ये, म्हणजे व्हिमच्या स्वतःच्या खिडकीत चालणाऱ्या रूपात, टूलबार किंवा टॅबची ओळ आली-गेली की खिडकीचा आकार हलतो आणि पूर्ण पडद्यावरची मांडणी बिघडते. 'जीयूआयऑप्शन्स' या सेटिंगमध्ये 'के' हे अक्षर जोडल्यास खिडकी स्थिर राहते आणि ओळी व स्तंभ तिच्याप्रमाणे जुळवून घेतात. जीटीके बांधणीत पडद्याच्या उंचीतून काही पिक्सेल राखून ठेवले जातात, त्यांचा आकडा 'जीयूआयहेडरूम' मध्ये असतो आणि मुळात तो ५० असतो; पूर्ण उंची हवी असल्यास तो ० करावा. त्यानंतरही जी बारीक कड उरते ती भागाकाराची बाकीच असते. ओळीची उंची पडद्याच्या उंचीला पूर्ण भाग देईल असा फाँटचा आकार निवडून, किंवा 'लाइनस्पेस' या सेटिंगने ओळीत एकेक पिक्सेल वाढवत जाऊन ती मिटवता येते : १०८० च्या पडद्यावर २३ ची ओळ असेल तर 'लाइनस्पेस' चा आकडा एकने वाढवताच ती २४ ची होते आणि ४५ ओळी कडेपर्यंत नेमक्या बसतात.